बंद पिशवीतला बर्फ

पिशवी बंद होती. तिचं तोंड आईने वितळवून चिकटवलं होतं, ते जसंच्या तसं होतं. कुठे भोक नाही, चीर नाही. आणि तरीही आत, मटकीच्या उसळीवर, पांढराशुभ्र भुसभुशीत बर्फ जमला होता.

फ्रीझरचं दार उघडं टाकून शेवंती त्या पिशवीकडे बघत उभी होती. गेल्या आठवड्यात बर्फ एवढा नव्हता. बाहेरून पाणी आत जाणं शक्यच नव्हतं. मग हा आला कुठून?

"ठोंब्या!" तिने हाक मारली.

ठोंब्या म्हणजे त्यांचा यंत्रमानव. आईच्या संस्थेने तो भंगारात काढला होता, तिने उचलून घरी आणला. त्याचा डावा हात कामातून गेलेला, चालताना तो कुरकुरतो, आणि खोटं बोलणं त्याला जमत नाही. हा शेवटचा गुण घरात किती अडचणीचा असतो, ते ज्यांच्याकडे असा यंत्रमानव आहे त्यांनाच विचारा.

"तू ही पिशवी उघडलीस ना? खरं सांग."

"माझा एकच हात चालतो, शेवूताई. एका हाताने पिशवी फोडून पुन्हा चिकटवता आली असती, तर मी भंगारात कशाला गेलो असतो?"

एरवी शेवंती हसली असती. आज तिला हसू आलं नाही, कारण अशा पिशव्या आता तीनच उरल्या होत्या.

तिची आई चंद्रावर होती, तेही चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. पृथ्वीवरचा रेडिओ लहरींचा गोंगाट तिथे पोचत नाही, म्हणून अतिदूरच्या ताऱ्यांची कुजबुज ऐकणारी दुर्बीण तिथे उभारली होती. ती दुर्बीण इतकी तिखट कानाची, की जवळ कुणी फोनवर बोललं तरी तिचं काम बिघडायचं. त्यामुळे फोन बंद. पंधरवड्यातून एकदा चार ओळींचा निरोप यायचा आणि चार ओळींचा जायचा, बस्स.

निघण्याआधी आईने सुट्टीचे सगळे दिवस स्वयंपाक केला होता. मोठमोठ्या पातेल्यांत उसळी, आमट्या, डाळवांगं. सगळं गार करून, पिशव्यांत भरून तिने फ्रीझर गच्च केला. "मी येईपर्यंत माझ्याच हातचं खायचं," असं ती म्हणाली होती. हिशेब अगदी बरोबर होता. पण परतीचं यान नादुरुस्त झालं, आणि आईचं येणं चार महिने पुढे गेलं.

तो निरोप आला त्या दिवसापासून शेवंतीने पिशव्या खाणं सोडलं. संपल्या की घरात आईचं काहीच उरणार नाही, असं तिला वाटायचं. शाळेतून आली की ती दूध-टोस्ट खायची. मग फ्रीझर उघडून एकेक पिशवी बाहेर काढायची, गालाला लावायची आणि परत ठेवायची. बाबा डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला जायचे, ते अंधार पडल्यावर यायचे. "जेवलीस का गं?" ते विचारायचे. "जेवले," ती म्हणायची. "मीबी वरच जेवलो," ते म्हणायचे, आणि घर पुन्हा गप्प व्हायचं.

"आपण आधी वजन करू," ठोंब्या म्हणाला.

आई पडली शास्त्रज्ञ. तिने उसळीचंसुद्धा वजन करून ते पिशवीवर लिहून ठेवलं होतं. शेवंतीने बर्फाळलेली पिशवी पुसून काट्यावर ठेवली. वजन तेच भरलं.

"म्हणजे काय झालं?" ठोंब्याने विचारलं.

"म्हणजे... बाहेरून आत काही गेलेलं नाही."

"मग बर्फ?"

शेवंतीने पिशवी उजेडात धरून निरखून पाहिली. बर्फाखालची मटकी पांढुरकी आणि सुरकुतलेली दिसत होती. "उसळीतलंच पाणी बाहेर आलंय?" ती हळूच म्हणाली. "पण उसळ तर दगडासारखी गोठलेली आहे. पाणी वाहणार कसं?"

"वाहत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या आठव. त्या लहान लहान होत जातात. कपडे कधी ओले झालेत?"

"नाही. नुसता वास येतो."

"कारण त्या वितळतच नाहीत. त्यांची थेट वाफ होते. याला संप्लवन म्हणतात (घन पदार्थाचा द्रव न होता सरळ वायू होणं). बर्फसुद्धा असाच उडतो, फक्त फार सावकाश. उसळीतल्या बर्फाचे कण उडून पिशवीतल्या मोकळ्या हवेत येतात. पिशवीचा प्लास्टिकचा कागद पातळ, तो उसळीच्या आधी गार होतो. त्या गार कागदाला लागली की वाफेचा पुन्हा बर्फ होतो. तोच तुला दिसतोय. उसळ मात्र कोरडी पडत जाते."

"पण पहिल्या महिन्यांत असा बर्फ दिसत नव्हता. आताच का?"

"फ्रीझर सारखा एकाच थंडीत राहिला, तर हे फार हळू होतं. दार उघडलं की गरम हवा आत शिरते. पिशवी हातात धरली की आणखी ऊब लागते. मग परत गारठा, परत ऊब. ही ये-जा जितकी जास्त, तितकं पाणी उसळीतून निघून कागदावर बसतं."

"आणि आपला फ्रीझर... जास्त उघडला जातो?"

"फार."

शेवंतीने पिशवी ओट्यावर ठेवली. तिला रडू फुटलं. ज्या पिशव्या ती जिवापाड जपत होती, त्या तिच्याच हातांनी वाळत चालल्या होत्या. गालाला लावायची तेव्हासुद्धा.

"मला वाटायचं, फ्रीझरमध्ये सगळं तसंच राहतं," ती हुंदके देत म्हणाली. "आईने ठेवलं तसं. कायमचं."

"कायमचं नाही. थंडीत जंतू झोपी जातात, म्हणून अन्न आंबत नाही. पण बाकीचे बदल चालूच असतात. फ्रीझर वेळेला थांबवत नाही, शेवूताई, नुसतं सावकाश चालायला लावतो. ही उसळ अजून चांगली आहे. नुसतीच ठेवलीस, तर तुझी आई येईल तेव्हा उसळीला कागदाची चव येईल."

"मीच घालवलं सगळं."

"सगळं नाही. निम्मं."

"निम्मं म्हणजे?"

"निम्म्या वेळा दार तू उघडतेस. निम्म्या वेळा साहेब उघडतात. सकाळी, तू झोपेत असताना. बाहेर काही काढत नाहीत. थोडा वेळ बघतात आणि लावतात. मला वाटलं, गार हवा खात असतील."

शेवंती रडायची थांबली. बाबा उघड्या फ्रीझरसमोर उभे आहेत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिला वाटायचं, बाबांना डोंगर आहे, पवनचक्क्या आहेत, आईची आठवण येते ती फक्त आपल्यालाच. एकाच घरात, एकाच दारासमोर दोघं आळीपाळीने उभे राहत होते, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"ठोंब्या, ही पिशवी फोडली आणि सगळी नाही संपली, तर उरलेली परत गोठवता येईल?"

"नको. वितळलं की जंतू जागे होतात, आणि दुसऱ्यांदा गोठवलं की दाणे आणखी लिबलिबीत होतात. गरम केलेली सगळी खाऊन संपवायची. पण ही दोघांची पिशवी आहे."

"मग मी बाबांसाठी थांबते," शेवंती म्हणाली.

बाबा आले तेव्हा घरभर गोडा मसाल्याचा वास होता. ते दारातच थांबले. हातातलं हेल्मेट खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"काय गं? शेजारच्यांनी दिलं का काही?"

"नाही. आईची मटकी. बसा."

"तू खा बाळा. मी जेवलोय वर."

"साहेब, तुमच्या डब्यात चिवड्याचे कण आहेत," ठोंब्या म्हणाला. "रोजच असतात."

बाबा ओशाळले. शेवंतीने दोन ताटं मांडली. "तुम्ही सकाळी फ्रीझर उघडून बघता ना, बाबा? मीपण बघते. दुपारी."

बाबांनी हेल्मेट खाली ठेवलं. तिच्यासमोर मांडी घालून ते बसले आणि म्हणाले, "तुझ्यासाठी राहू दे म्हटलं, शेवू. मला काय, काहीबी चालतंय. पण बघितल्याशिवाय कामावर जायला पाय निघत न्हाई बघ."

"बघून बघूनच वाळली ती," शेवंती म्हणाली, आणि तिने संप्लवनाची सगळी हकिकत त्यांना सांगितली. मटकी खरंच जरा कोरडी लागत होती. ठोंब्याने एका हाताने गरम पाणी ओतून ती सैल केली होती, तरी कडेचे दाणे चामट होते. पण चव आईचीच होती. दोघांनी पातेलं पुसून घेतलं. जेवताना दोघांनाही थोडं थोडं रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

उरलेल्या दोन पिशव्याही त्यांनी त्याच आठवड्यात संपवल्या. फ्रीझर रिकामा झाला, तेव्हा शेवंती त्याच्या उघड्या दाराशी उभी राहिली. "आता?" तिने विचारलं.

"आता तिच्यासाठी आपण करू," बाबा म्हणाले. "येईल तेव्हा दमलेली असंल. आल्या आल्या तिनं का रांधायचं?"

रविवारी त्यांनी पातेलंभर डाळवांगं केलं. थोडं करपलंसुद्धा. शेवंतीने ते लवकर गार केलं, पिशव्यांत पातळ थरात भरलं आणि हाताने दाबून आतली सगळी हवा काढून टाकली, म्हणजे वाफेला फिरायला जागाच नको. पातळ थर झटकन गोठतो आणि त्यात बर्फाचे स्फटिक (नियमित आकाराचे कण) बारीक होतात. बारीक स्फटिक भाजीला फाडत नाहीत, हे ठोंब्याने तिला दोनदा समजावलं. बटाटा तिने मुद्दाम घातला नव्हता, तो गोठवला की भुसभुशीत होतो.

त्या पंधरवड्याच्या निरोपात तिने लिहिलं, "आई, तुझं सगळं खाऊन संपवलं. आता तुझ्यासाठी आमच्या हातचं ठेवतोय. थोडं करपलंय."

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. बाबा स्वयंपाकघरात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, फ्रीझरकडे पाहिलं, आणि बाबांनी चहाचं आधण ठेवलं. शेवंतीने दोन कप काढले. बाबा निघेपर्यंत दोघं ओट्याशी बसून बोलत राहिले, आणि फ्रीझरच्या दाराला कुणी हात लावला नाही.