दोन्ही हात मोकळे

नवा फोन उभा राहीना. इर्यानं तो साखरेच्या डब्याला टेकवला, तर घसरला; मग कॉफीच्या किटलीला टेकवला, तेव्हा कुठे तो स्थिर झाला. धाकटा भाऊ वेइक्को जन्मापासून बहिरा; त्याच्याशी बोलायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. आणि आज, नऊ वर्षांनी, तो तिच्याशी बोलणार होता.

बटणांचा जुना फोन तिनं हौसेनं सोडला नव्हता. रौमा गावातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती अठ्ठावीस वर्षं चादरींच्या घड्या करत होती. कामाच्या पाळ्यांचा कागद भिंतीवर लागायचा, तो बंद झाला. पाळ्या फोनवर यायला लागल्या.

"अगं, तुझ्या त्या डबड्यावर काय दिसणार, कपाळ?" शेजारच्या इस्त्रीयंत्रावरची मिर्वा हसली आणि तिला दुकानात ओढूनच घेऊन गेली. तिथं ती सहज म्हणून गेली, "यात समोरचा माणूस पुरता दिसतो बघ. चेहरा, हात, सगळं."

हात! इर्यानं लगेच तोच फोन घेतला.

आई लवकर गेली होती. बहिऱ्यांच्या शाळेतून वेइक्कोनं आणलेली हातांची भाषा घरात एकट्या इर्यानं शिकून घेतली; बाबा ती कधी शिकलेच नाहीत. दवाखान्यात, बँकेत, कामाच्या शोधात इर्याच भावाचा आवाज झाली. तूर्कू शहरात नर्सिंगच्या शिक्षणाची मिळालेली जागा तिनं त्यापायीच सोडली, आणि "मला मेलं रक्त बघवत नाही" असं त्याला हसत सांगितलं... पुढे तो समुद्रापलीकडे गोथेनबर्गच्या गोदीत कामाला लागला, तिथलाच झाला. मग बाबा अंथरुणाला खिळले.

"वेइक्कोला कळवू नकोस," ते म्हणाले. "आयुष्यात त्याच्याशी एक वाक्य धड बोललो नाही मी. आता कुठल्या तोंडानं बोलावू? शपथ आहे तुला!"

तिनं शपथ पाळली. बाबा गेल्यावर मात्र तिनं कळवलं, तेव्हा त्याचा एका ओळीचा संदेश आला: "तेव्हा बोलावलं नाहीस, आता बोलावू नकोस." त्यानंतर दर नाताळाला दोन शब्द, बस.

परवा तिनं नव्या फोनवरून लिहिलं, "आता हात दिसतील. रविवारी दहाला?" दोन दिवसांनी उत्तर आलं, "बरं."

दहा वाजले. फोन थरथरला, आणि समोर वेइक्को! केस पिकलेला, गाल बसलेला...

ती बोलू लागली, पण बोटं वळेनात. निम्म्या खुणा ती विसरली होती.

"तुझ्या हातांना काय झालंय?" त्यानं विचारलं.

"चादरी. ओल्या चादरी."

तो ते सुजलेले सांधे पाहत राहिला. मग त्याचे हात झपाट्यानं हलले. "इर्या, मला का नाही बोलावलंस? माझेही बाबा होते ना ते!"

"त्यांना तुझी लाज नव्हती, वेइक्को... स्वतःची होती. त्यांनीच शपथ घातली."

"मग हे तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"गेलेल्या माणसावर रागावून काय करशील? माझ्यावर रागावलास तर निदान मी आहे, कधीतरी राग जाईल... आणि आणखी एक होतं, ते लिहिता येत नव्हतं."

तिनं दोन बोटं गालावरून फिरवली.

तो गोंधळला. "हे काय?"

"शेवटच्या दिवशी बाबांनी विचारलं, 'पोराचं नाव हातांनी कसं घेता गं तुम्ही?' मी शिकवलं. भुवईवरच्या तुझ्या व्रणावरून दोन बोटं. संध्याकाळपर्यंत ते घेत होते तुझं नाव... पण हात गालाच्या वर चढत नव्हता."

वेइक्कोनं सावकाश आपली दोन बोटं गालावरून ओढली, एकदा, दोनदा. आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले. इर्याही रडली, पण तिनं डोळे पुसले नाहीत... हात बोलण्यासाठी हवे होते!

"नऊ वर्षं, इर्या! नऊ वर्षं मी तुला..."

"असू दे रे."

"असू कसं दे? शुक्रवारी निघतो. रात्रीच्या बोटीनं शनिवारी सकाळी तूर्कूला उतरतो. येशील घ्यायला?"

"शनिवारी माझी कामाची पाळी आहे," ती म्हणाली, आणि लगेच पुढचे शब्द बोटांवर आणले, "मिर्वाला देते. येते मी."