भारांक एकतीस

माणिकघाटात आता लोक दुपारी गच्चीवर निर्धास्तपणे कपडे वाळत घालत. पूर्वी असं नव्हतं. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला वीज केंद्राची राख. पांढरा सदरा दोरीवरच करडा होई. मग गावाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत धूळवेचक मनोरे उभे राहिले. पाण्याच्या टाकीएवढे उंच हे मनोरे हवेतल्या कणांना विजेचा भार देत आणि आतल्या पत्र्यांवर चिकटवून घेत. वर्षभरात आकाश निळं झालं. मनोऱ्यांभोवती नीलगिरीची दाट राई लावण्यात आली आणि शाळांची मैदानं मुद्दाम त्या राईत हलवली गेली, कारण गावातली सगळ्यात स्वच्छ हवा तिथे होती. निदान यंत्रं तसं सांगत होती.

अशाच एका निळ्या दुपारी, प्रादेशिक वायुसंशोधन केंद्राच्या पहिल्या मजल्यावर शर्वरी पाझारे पडद्याकडे बघत बसली होती. तिचा अहवाल तिसऱ्यांदा परत आला होता. पडद्यावर तीच दोन वाक्यं होती: ‘लेखकाचा भारांक ३१, आवश्यक किमान भारांक ६०. लेखकाची व्यावसायिक पार्श्वभूमी विषयाशी सुसंगत नाही.’

ही वाक्यं लिहिणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘समीक्षक’. राज्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयातला तांत्रिक अहवाल आधी समीक्षकाकडे जाई. लिहिणारा काय शिकला, कुठे नोकरी केली, त्याचं आधीचं म्हणणं किती वेळा खरं ठरलं, हे सगळं तपासून समीक्षक त्या माणसाच्या शब्दाला वजन देई. ते वजन म्हणजे भारांक. भारांक कमी असला, तर अहवाल उघडलाही जात नसे.

शर्वरीची पार्श्वभूमी अशी: रसायनशास्त्राची पदवी आणि मग अकरा वर्षं एका अगरबत्तीच्या कारखान्यात सुगंध-रसायनज्ञ. कारखाना बंद पडल्यावर तिने स्पर्धा परीक्षा दिली आणि या केंद्रात लागली. समीक्षकाच्या लेखी ती वास बनवणारी बाई होती. हवेबद्दल तिने बोलू नये.

“आला का वापस?” दारातून डॉक्टर ढवस यांनी विचारलं.

“आला.”

“माहाही आला. सत्तावीस. तुमच्यापेक्षा मी अजून हलका.” ते खुर्ची ओढून बसले.

बाबाराव ढवस पशुवैद्य होते. सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली आणि केंद्रातली एक जागा भरायला माणूस मिळेना म्हणून त्यांना इथे पाठवलं होतं. आल्यापासून त्यांना कोणी काही काम सांगितलं नव्हतं. तेव्हा मनोऱ्याजवळच्या वस्तीतले गुराखी जुन्या ओळखीने त्यांच्याकडे मेलेल्या बकऱ्या घेऊन आले, आणि ढवसांनी त्या उघडून पाहिल्या.

“धुळीनं फुप्फुस काळं पडते, शर्वरीताई,” त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. “मी खाणीतले बैल पाहिले आहेत. हे काळं नाही. हे आतून भाजल्यासारखं आहे. आणि मरतात त्या राईत चरणाऱ्याच.”

भाजल्यासारखं हा शब्द ऐकून शर्वरीला कारखान्यातलं पॅकिंगचं दालन आठवलं होतं. मालकाने तिथे हवा शुद्ध करणारं नवं यंत्र बसवलं होतं. ते यंत्र थोडा ओझोन सोडी. ओझोन ठरलेल्या मर्यादेतच होता. पण शेजारी संत्र्याच्या तेलाची पिंपं होती, आणि उन्हाळ्यात दुपारी त्या दालनात निळसर धूसर काहीतरी तरंगायला लागलं. बाया खोकू लागल्या. शर्वरीने हट्ट करून यंत्र काढायला लावलं. धूसरपणा दुसऱ्या दिवशी गेला. पण पॅकिंगवरच्या सुमनबाईंना पुढेही जिना चढवेना.

इथेही तेच चाललं होतं. मनोऱ्यात वीज खेळते तेव्हा ओझोन तयार होतो. उन्हात नीलगिरीच्या पानांतून तेलाची वाफ निघते. दोन्ही भेटले की अतिसूक्ष्म कण जन्माला येतात, इतके बारीक की केंद्राची यंत्रं ते मोजतच नाहीत. शर्वरीने एका महाविद्यालयाकडून असे बारीक कण मोजणारा कणगणक मागून आणला, मोजमापं घेतली, ढवसांची निरीक्षणं जोडली. समीक्षकाने तिन्ही वेळा तीच दोन वाक्यं पाठवली.

“चला,” ती उठली. “मॅडमकडे जाऊ.”

“मी येतो, पण बोला तुम्हीच. माह्या तोंडून बकरी निघाली का त्या घड्याळाकडे पाहतात.”

केंद्राच्या संचालक डॉ. निरुपमा सहस्रबुद्धे वातावरणशास्त्रज्ञ होत्या. त्यांचा भारांक चौऱ्याण्णव होता. संपूर्ण केंद्रात साठच्या वरची ती एकच व्यक्ती. त्यांनी शर्वरीचं सगळं शांतपणे ऐकलं.

“शक्यता आहे,” त्या म्हणाल्या. “पावसाळ्यानंतर रीतसर सर्वेक्षण लावू.”

“मॅडम, मैदानावर रोज दुपारी चारशे मुलं धावतात. तालुक्याच्या स्पर्धा आहेत.”

“आणि मी उद्या मनोरे बंद करायला सांगितले आणि तुमचं म्हणणं चुकलं तर? खाणीची धूळ परत येईल. तीही मुलांच्याच छातीत जाणार आहे.”

“मग माझा अहवाल निदान वाचायला तरी पाठवा.”

“तो मी अडवलेला नाही, शर्वरी. समीक्षकाने अडवलाय.” त्यांनी चष्मा काढला. “आणि समीक्षक हवा म्हणून मी स्वतः दिल्लीपर्यंत भांडले आहे, हे तुम्हाला माहीत असेल. एका कारखान्याची गळती निर्धोक आहे असं एका तज्ज्ञाने लिहून दिलं होतं. शेजारच्या वस्तीतली माणसं झोपेत गेली. त्या तज्ज्ञाचं शिक्षण मी नंतर पाहिलं. हॉटेल व्यवस्थापन.”

शर्वरीला राग आला, आणि तो नेमका कोणाचा हे न कळल्याने आणखीच वाढला.

“तो माणूस खोटं बोलला होता, मॅडम,” ती म्हणाली. “मी कुठे काम केलं ते सगळं खरं लिहिलंय. खरं लिहिल्यामुळेच अडकलेय. मी अगरबत्तीचा कारखाना लपवला असता, तर माझा भारांक वाढला असता. आणि तो कारखाना नसता, तर मला यातलं काही कळलंही नसतं.”

ढवस खिडकीबाहेर बघत राहिले.

“मला अहवालावर सही नको,” शर्वरी म्हणाली. “तुम्ही आत्ता माझ्याबरोबर मैदानावर चला. एवढंच.”

मॅडमनी खरंच घड्याळाकडे पाहिलं. मग पर्स उचलली. ढवसही मागोमाग निघाले.

मैदानावर ऊन रणरणत होतं, पण राईची सावली मोठी होती. मुलं फेऱ्या मारत होती. क्रीडाशिक्षक मत्ते सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. त्यांनी ओळख नसतानाही तक्रार सुरू केली. “हवा सुधारली म्हणतात, पण पोरं दमायला लागली हो मॅडम. आधी धुळीत धावायची ती पोरं बरी धावायची. पालक म्हणतात, तुम्ही त्यांना नीट खाऊ घालत नाही. आता शिक्षकानं खाऊही घालायचं का?”

शर्वरीने कणगणक सुरू करून मॅडमच्या हातात दिला. आकडा चढत गेला, चढतच गेला. शेजारी केंद्राच्या अधिकृत यंत्राची पाटी हिरवी होती: हवा उत्तम.

“हे उपकरण बिघडलेलंही असू शकतं,” मॅडम म्हणाल्या.

“थोडं थांबा. आता पत्रे धुवायची वेळ झाली.”

दुपारी एकदा मनोऱ्याची वीज बंद करून आतले पत्रे धुतले जात. मनोऱ्याची घरघर थांबली, पाण्याचा आवाज सुरू झाला. तिघेही त्या छोट्या पडद्याकडे बघत उभे राहिले. आकडा आधी जागच्या जागी घुटमळला आणि मग घसरायला लागला. धुणं संपेपर्यंत तो पार तळाला आला होता. घरघर पुन्हा सुरू झाली आणि काही वेळातच आकडा परत वर निघाला.

सहस्रबुद्धे मॅडमनी मान वर केली. झाडांच्या शेंड्यांमध्ये, तिरप्या उन्हात, पातळ निळसर पडदा तरंगत होता.

“जंगलांवर असाच निळा धूर दिसतो,” त्या हळूच म्हणाल्या. “झाडांच्या वाफेचा. मी त्यावरच पीएचडी केली आहे.” मग मत्ते सरांकडे वळून त्या म्हणाल्या, “सर, मुलांना घरी पाठवा. आणि फक्त आजच नाही, मी सांगेपर्यंत दुपारी इथे कोणी यायचं नाही.”

केंद्रात परतल्यावर त्यांनी शर्वरीचा अहवाल आपल्या पडद्यावर उघडला आणि शेवटपर्यंत वाचला.

“मी सहलेखक म्हणून नाव घातलं, तर समीक्षक तिघांची सरासरी काढतो. एक्कावन्न येते,” त्या म्हणाल्या. “अडकेल.”

“मग?”

“मी एकटीने लिहिला तर आज संध्याकाळपर्यंत आदेश निघेल.”

शर्वरीला कळायला क्षणभर वेळ लागला. “आमची नावं काढायची.”

“नावंच नाही. बकऱ्या, अगरबत्तीचा कारखाना, सगळं. हा विचार मला माझ्या अभ्यासातून सुचला असं लिहावं लागेल. खोटं लिहिते आहे, हे मला समजतंय.”

“जे थांबवायला समीक्षक आणला तेच,” शर्वरी म्हणाली. तिला थांबता आलं नाही.

“हो. तेच.”

ढवसांनी घसा खाकरला. “काढून टाका मॅडम. बकऱ्यायची काही हरकत नसावी.”

हसलं कोणीच नाही. शर्वरीने होकारार्थी मान हलवली. अहवाल गेला. समीक्षकाने तो चहा येण्याआधी मंजूर केला. आठवडाभरात मनोरे उन्हाच्या वेळी बंद ठेवले जाऊ लागले आणि नीलगिरी तोडायचं काम सुरू झालं. वर्तमानपत्रांत सहस्रबुद्धे मॅडमचा फोटो आला. खाली ‘चार दशकांच्या व्यासंगाचं फळ’ असं लिहिलं होतं. मॅडमनी तो अंक टेबलावर उलटा घालून ठेवला होता.

महिनाअखेरीस समीक्षकाने सगळ्यांचे भारांक नव्याने काढले. मॅडमचा शहाण्णव झाला. शर्वरीचा बावीस. कारण दिलं होतं: ‘पात्रतेबाहेरील विषयावर वारंवार अहवाल.’ ढवसांनी आपला आकडा उघडूनच पाहिला नाही.

शर्वरीने तक्रार लिहायला घेतली आणि पहिल्याच परिच्छेदात थांबली. खरं लिहिलं तर मॅडमचा अहवाल खोटा ठरणार होता. खोटा ठरला, तर तो रद्द होणार. आणि रद्द झाला, तर दुपारी मनोरे पुन्हा सुरू. तिने पान मिटवलं आणि खिडकी उघडून उभी राहिली. बाहेर करवतीचा आवाज चालू होता. मुलं वाचली, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. ते खरंही होतं.

त्याच आठवड्यात तिला एक फोन आला. पलीकडे तीनशे किलोमीटरवरच्या एका केंद्रातले पिंपळीकर नावाचे गृहस्थ होते. आवाज दबका होता.

“मी आधी भूगर्भशास्त्र शिकवायचो,” त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, जणू गुन्हा कबूल करत होते. “अडतीस भारांक आहे माझा. आमच्याकडेही मनोरे आहेत. नीलगिरी नाही, पण यंदा इथलं भूजल पिवळं व्हायला लागलंय, आणि मला वाटतं पत्रे धुतलेलं पाणी मुरतंय. अहवाल दोनदा परत आला. आमच्या संचालकांची जागा रिकामी आहे.”

“मी काय करू शकते?” शर्वरीने विचारलं. आपण हे विचारत असल्याचंच तिला आश्चर्य वाटलं.

“मी तुमच्या मॅडमचा अहवाल वाचला,” ते म्हणाले. “चार वेळा वाचला. तो एकट्या माणसाने लिहिलेला नाही, हे मला कळतं. परत आलेल्या अहवालांच्या यादीत याच विषयावर तुमचं नाव तीनदा दिसलं.” मग त्यांनी विचारलं, “ताई, आमच्या रिकाम्या जागेवर सही करायला असंच माणूस हवंय. त्या निवृत्त कधी होतात?”