चौथ्या पातळीची वाट

काम तसं साधंच होतं. बोलिव्हियातल्या ओरूरोजवळच्या आमच्या कथील खाणकामगारांच्या संस्थेचं मतदान यंदा पहिल्यांदा फोनवरून होणार होतं. खाणीचं जुनं, ढासळलेलं तोंड पुन्हा उघडायचं, की कायमचं बुजवायचं? फोनवर कुठला पत्ता टाकला की कुठल्या पातळीची मतपत्रिका उघडेल, त्या वाटा मला आखून द्यायच्या होत्या. खाणीच्या पातळ्या तीन चालू, म्हणून प्रत्येकीची एक अशा वाटाही तीनच आखल्या.

दुपारचे तीन वाजले असतील. वारा पत्र्यावर घासत होता. कार्यालयात खाणकामगार तरतरीसाठी चघळतात त्या कोकाच्या पानांचा कडवट वास भरून राहिला होता. मतं सावकाश येत होती. संगणकातली नोंद चाळताना मी थबकले. कुणीतरी चौथ्या पातळीचं पान मागत होतं. यंत्रानं दर वेळी सांगितलं होतं, असं पान नाही. सहा वेळा. कुठून मागितलं, तो रकाना कोरा.

"इलारियोनकाका, चौथीवर कोण काम करतं हो?"

म्हातारे सचिव शिक्का मारता मारता थांबले. "कोणी नाही, नेमेसिया. अकरा वर्षांपूर्वी छत बसलं, तेच हे ढासळलेलं तोंड. सहाजण वर आलेच नाहीत... आमचा फेर्मिन त्यातच. धाकटा भाऊ माझा."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी त्या सहा ओळी बोटानं मोजल्या. मग डोक्यावरची टोपी काढली.

"वाट करून दे त्यांना."

"अहो, मतदान आहे हे! उद्या कुणी जाब विचारला तर?"

"सभासदांची यादी बघ. नावं आहेत अजून. कमी करायला कुणाचा हात धजला नाही."

नावं खरंच होती. त्यांच्या डोक्यावरच्या दगडाचं काय करायचं ते आम्ही ठरवणार, आणि त्यांनाच विचारायचं नाही? गारठलेल्या बोटांनी मी चौथ्या पातळीची वाट उघडणारी एक ओळ लिहिली.

लगेच सहा मतं आली.

"उघडा म्हणत असतील," काका पुटपुटले. "घरी यायचं असेल बिचाऱ्यांना..."

सहाही मतं सारखीच होती. बुजवा.

काका पडद्याजवळ वाकले. "यायचं नाही त्याला...? का गं...?"



संध्याकाळी निकाल लागला. मोठ्या बहुमतानं उघडायचं ठरलं, सोमवारपासून काम सुरू. मी मतदान बंद केलं, सगळ्या वाटा पुसल्या आणि उठण्याआधी सवयीनं नोंदीवर नजर टाकली.

आता कुणीतरी पाचव्या पातळीचं पान मागत होतं. सहा वेळा नव्हे... ओळीमागून ओळ, पडदा भरून वर सरकत होता.

ते सहाजण 'बुजवा' का म्हणाले, ते मला तेव्हा कळलं. आमच्या खाणीला पाचवी पातळी नाही. ती कुणी कधी खणलेलीच नाही.