सूर्याकडे पाठ

सतरंजी गच्चीवरून उडाली आणि गल्लीतून सायकल ढकलत चाललेल्या माणसाच्या थेट डोक्यावर जाऊन पडली. सायकल एकीकडे, खांद्यावरचं वायरचं वेटोळं दुसरीकडे, आणि मधोमध निळ्या पट्ट्यांची सतरंजी पांघरलेलं एक भूत उभं!

“अगं बाई! भाऊ, लागलं का हो?” दामिनी कठड्यावर वाकून ओरडली.

भुतानं सतरंजी बाजूला सारली. आतून तिशी-बत्तिशीचा सावळा चेहरा निघाला. रागावलेला नव्हता, उलट हसू आवरत होता.

“लागलं नाही जी. पण भाऊ नका म्हणू. भाऊ म्हणणारे इथं सौंसरमध्ये चिक्कार भेटले. मंगेश म्हणणारं अजून कोणी नाही भेटलं.”

दामिनी गडबडली. शाळेत दीडशे पोरांना एका शिट्टीवर उभी करणारी खेळाची बाई ती, पण या उत्तराला काय शिट्टी मारायची ते तिला सुचेना. ती जिना उतरून खाली आली.

“मी समोरच राहतो,” त्यानं तिच्या घराच्या पूर्वेकडची गच्ची दाखवली. “ती वरची खोली. वीज कंपनीत लाइनमन आहे, मुलताईहून आलो. आज रातपाळी होती म्हणून या वेळेले दिसून राहिलो. तुम्ही काय करून राहिल्या होत्या एवढ्या पहाटे? सतरंज्या उडवून राहिल्या होत्या का?”

“सूर्यनमस्कार.”

“रोज?”

“रोज. बारा.”

“बाप्पा!” त्यानं कानाला हात लावला. “आपल्याच्यानं नाही होत. रातपाळी नसन तर मी आठ वाजेलोक झोपतो.”

सतरंजीची घडी करून त्यानं तिच्या हातात दिली. घडी चांगली नीटनेटकी होती. ऑक्टोबरची थंडी नुकती सुरू झाली होती, आणि का कोण जाणे, ती सतरंजी दामिनीला जरा ऊबदार लागली... उगाच! उन्हात पडली असेल, दुसरं काय.

दामिनी मूळची पांढुर्ण्याची. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि तिथलं घर अनिलदादा-वहिनीचं झालं. दोघं वाईट नव्हती. रविवारी गेली की वहिनी आग्रहानं वाढायची, पण तो आग्रह पाहुण्याला करतात तसा. संध्याकाळच्या बसनं ती सौंसरला परत यायची, कुलूप उघडायची, आणि दिवा लावायची. घरमालक नागपूरला मुलाकडे. खालची खोली बंद. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत त्या घरात माणसाचा आवाज असा एकदाच व्हायचा — पहाटे, जेव्हा ती गच्चीवर उगवतीकडे तोंड करून सूर्याची बारा नावं घ्यायची. ॐ मित्राय नमः... ॐ रवये नमः...

सूर्यनमस्कार आईनंच शिकवले होते. आई म्हणायची, बारा वेळा मनापासून वाकलं की दिवसभर ताठ उभं राहता येतं. आईच्या तेराव्यानंतरच्या सकाळी दामिनीनं सुरुवात केली, त्यात आजवर खंड नव्हता. आधी केवळ अंग मोडून निघायचं. मग श्वास सापडला. मग कधीतरी असं झालं की जमिनीला कपाळ टेकलं की आतली गलबल थांबायची, आणि तेवढा क्षणभर तिला कोणी नसल्याचं दुःखही नसायचं. क्षणभरच. मग ती उठायची, कपाळावर आलेली बट डाव्या कानामागे सारायची, आणि पुन्हा हात जोडायची.

एकच विचार तिला छळायचा. एखाद्या दिवशी आपण उठलोच नाही, तर कोणाला कळेल? शाळेतले म्हणतील, रजेवर असेल. दादा म्हणेल, रविवारी येईलच. हे ती कोणाला बोलली नव्हती. अशा गोष्टी बोलायला तरी कोणी लागतं ना!

मंगेश मात्र आता वरचेवर दिसायला लागला. दुधाच्या दुकानात, किराण्यात, कधी खांबावर चढलेला.

“मॅडम, झाले का बारा?” तो वरून विचारायचा.

“झाले. तुमची झोप झाली का?”

“झोपेचं काय सांगता. स्वप्नातच तुमचे सूर्यनमस्कार चालू असतात.”

“मग स्वप्नात तुम्हीही करत जा. तेवढंच पोट कमी होईल!”

“पोट कुठं आहे जी? पट्टा घट्ट आहे फक्त.”

ती हसायची, आणि आपण हसलो हे घरी येऊन आठवायची. एका माणसाच्या हसण्याचा आवाज रिकाम्या घरात मोठा वाटतो. मग ती उगीच भांडी वाजवायची.

डिसेंबरात तिला ताप आला. दोन दिवस ती गच्चीवर चढली नाही. खंड नको म्हणून पहिल्या पहाटे प्रयत्न केला, पण जिन्याची पहिली पायरीच गरगर फिरली. शाळेत फोन करून रजा कळवली, आणि पुन्हा पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजलं.

दारात मंगेश. हातात पक्कड.

“लाइट आहे का तुमच्याकडे? कंप्लेंट आली होती.”

तिच्या डोक्यावर बल्ब लखलखत होता. त्यानं बल्बकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पक्कड खिशात घातली.

“ताप आहे न?”

“उतरेल.”

“उतरन तर. पण खाल्लं काय?”

तासाभरात गोळ्या आल्या आणि डब्यात मुगाची खिचडी. “मीठ जास्त झालं आहे,” तो दारातूनच म्हणाला, “पण माफ करा, आपल्या हातची लाइनच तशी आहे.” खिचडी खरंच खारट होती. दामिनीनं ती डबा चाटून संपवली, आणि शेवटच्या घासाला तिला रडू आलं. दोन वर्षांत खास तिच्यासाठी कोणी चूल पेटवली नव्हती हो!

पण सुख म्हटलं की आपल्याकडे गल्लीला खिडक्या असतात. चार दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका उर्मिला मॅडमनी रजिस्टरवर सही करता करता सहज विचारलं, “का गं दामिनी, लाइनमन येऊन राहिला म्हणे तुझ्या घरी?”

सहजच. पण एकट्या बाईजवळ नावाखेरीज असतं काय? त्या संध्याकाळी डबा परत करताना ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “घरी येत जाऊ नका. लोक बोलतात. आणि... मला कोणाची गरज नाही. राहते मी एकटी नीट.”

मंगेशचं हसू जागच्या जागी विझलं. “ठीक आहे जी,” एवढंच म्हणाला तो. त्यानंतर दुधाच्या दुकानात ‘झाले का बारा’ नाही, की खांबावरून हाक नाही. दामिनीला वाटलं, बरंच झालं. मग वाटलं, कुठलं बरं? पण एकदा तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? मागायची तिला सवयच नव्हती. आईकडेही तिनं कधी खेळणं मागितलं नव्हतं.

बारा जानेवारी उजाडली. सगळ्या मध्य प्रदेशातल्या शाळांत त्या दिवशी सामूहिक सूर्यनमस्कार असतात. भोपाळहून रेडिओवर हुकूम सुटतात आणि गावोगावच्या मैदानांवर पोरं एका वेळी वाकतात. मैदान भरलं होतं. मंचावर दोघांनी करून दाखवायचं, एक बाई आणि एक पुरुष, दोघंही उगवतीकडे तोंड करून, म्हणजे समोरच्या पोरांना बाजूनं आसन नीट दिसतं. बाई म्हणजे दामिनी. पुरुष म्हणजे पुंडलिकराव सर, जे ऐन वेळी सतरंजी उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. उसण भरली!

“आता हो?” उर्मिला मॅडम हवालदिल झाल्या. “रेडिओ काय आपल्यासाठी थांबन? कोणाले येते सूर्यनमस्कार?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भोंग्याची वायर जोडायला आलेला मंगेश मंचाच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तो हळूच उठला.

“मले येते. थोडं थोडं.”

दामिनी चकित झाली. आठ वाजेपर्यंत झोपणारा हा? पण विचारायला वेळ नव्हता. मंगेश पुढे उभा राहिला, त्याच्या मागे ती. रेडिओवरून एकेका आसनाचं नाव येऊ लागलं.

हात वर. खाली वाकले. अश्वसंचालनासन — दामिनीचा उजवा पाय मागे गेला. मंगेशचा डावा. नवशिका आहे, तिनं मनात म्हटलं. दुसऱ्या फेरीत तिचा डावा गेला, त्याचा उजवा. बाकी सगळं अचूक! पाठ ताठ, श्वास लांब, कपाळ जमिनीला टेकून क्षणभर थांबणं... तसं तर रेडिओवाला थांबत नव्हता. तसं ती थांबायची. आणि मग मंगेश उठून उभा राहिला, आणि त्याचा उजवा हात वर गेला. बारीक कापलेल्या केसांची नसलेली बट त्यानं उजव्या कानामागे सारली.

दामिनीचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

ही बट कुठल्या पुस्तकात नव्हती. ही तिची होती. डावी, पण समोरून बघणाऱ्याला उजवी. आरशासमोर उभं राहून शिकावं, तसं शिकला होता हा. पाय उलटे, हात उलटा! तिच्या पूर्वेला त्याची गच्ची. उगवता सूर्य त्या गच्चीमागून तिच्या डोळ्यांत यायचा, म्हणून तिला तिकडे कधी काही दिसलंच नव्हतं. आणि त्याला... त्याला ती रोज सोनेरी उजेडात लख्ख दिसत होती.

तापात दोन दिवस ती गच्चीवर आली नाही, ते कोणाला कळलं होतं? कंप्लेंट कोणाची होती?

तिसऱ्या फेरीत तिचा पाय चुकला. खेळाच्या बाईचा! पहिल्या रांगेतल्या पोरी खुदकन हसल्या.

कार्यक्रम संपला, पोरं लाडवांकडे पळाली. मंगेश गुडघ्यावर बसून वायर गुंडाळत होता. दामिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“किती दिवसांपासून करून राहिले?”

“काय जी?”

“मंगेश.” पहिल्यांदाच तिनं नुसतं नाव घेतलं. “खरं सांगा.”

त्यानं वायर खाली ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“सतरंजी पडली न डोक्यावर... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. खोलीच्या दारात उभं राहून. तुम्ही बारा, तर मी बारा. रातपाळी असली तर दहा मिनिटं आधी पळून येत होतो.”

“आणि ते कानामागचं?”

“ते...” तो गोंधळला. “मले वाटलं तेही आसनच आहे.”

हसू तिच्या गळ्यापर्यंत आलं, पण बाहेर पडलं ते पाणी होऊन, डोळ्यांतून. “वेडे आहात का? सूर्य तुमच्या मागं. सूर्याकडे पाठ करून कोणी सूर्यनमस्कार करते का? मग नमस्कार कोणाले?”

मंगेशनं मान वर केली. त्याच्या नजरेत आता थट्टा नव्हती.

“ते तुम्ही ओळखा, मॅडम. मुलताईले आई वारल्यावर मी घरात बोलणंच सोडलं होतं. इथं मग पहाटे उठायले लागलो, तर समोरून तुमचा आवाज यायचा. मले देवाचं काही समजत नाही. पण वाटायचं, चला, अजून कोणीतरी एकटं उठलं आहे. मग उठायले बरं वाटायचं.”

मैदानावर धूळ बसत होती.

“तुम्ही म्हणाल्या, गरज नाही कोणाची,” तो हलकेच म्हणाला. “म्हणून बदलीचा अर्ज देऊन टाकला. इथली जागा तात्पुरतीच होती. राहतो म्हटलं असतं तर पक्की झाली असती. मी मुलताई लिहून दिलं. साहेब उद्या कागद छिंदवाड्याच्या मोठ्या ऑफिसले पाठवतात.”

त्यानं वायर खांद्यावर टाकली. तो निघाला. चार पावलं... सहा...

दामिनी तिथंच उभी. एक शब्द बोलायचा होता, आणि तो तिच्या आयुष्यात कधी वापरलेलाच नव्हता. लोक काय म्हणतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. उर्मिला मॅडम लाडवाचं ताट हातात घेऊन इकडेच पाहत होत्या. आणि तिच्या बंद घराचं कुलूपही तिला दिसत होतं, आजच्या संध्याकाळचं, उद्याच्या, आणि त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळींचं.

“नका जाऊ!”

केवढ्यानं ओरडली ती! मैदानाच्या पार टोकाला बसलेल्या पोरींनीही माना वळवल्या. मंगेश थबकला.

“मी खोटं बोलली होती,” ती धावत त्याच्यापाशी येऊन म्हणाली. “गरज आहे. लय आहे. अर्ज वापस घ्या.”

“आणि साहेबानं विचारलं, काऊन बा वापस घेऊन राहिला, तर काय सांगू?”

दामिनीनं एकदा उर्मिला मॅडमकडे पाहिलं, मग सगळ्या मैदानासमोर त्याच्या खांद्यावरची वायर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“सांगा न त्यायले,” ती म्हणाली, “का सौंसरले माझं माणूस आहे म्हणून.”