ताई न म्हणणारा माणूस

जिंतूर रस्त्यावर श्रावणाची भुरभुर चालू होती. झरी गावची रेणुका, पंचायत समितीची सदस्य, हात आडवे करून रस्त्यातच उभी राहिली. मागे रस्त्याच्या कडेला तिच्या गावची बायनाबाई बसली होती, नवऱ्यानं डोकं फोडलेली. सरकी-पेंडीचा एक टेम्पो करकचून थांबला.

"दवाखान्यात न्यायचंय. परभणीला."

"बसा." पोती सरकवून टेम्पोवाल्यानं जागा केली. मल्लेश त्याचं नाव. जिंतुरात पेंडीचं दुकान.

बायनाबाईला टाके पडेपर्यंत तो बाहेरच थांबला. मग चहा घेऊन आला, पण रेणुकाकडे बघेना.

"नाव काय म्हणायचं तुमचं?"

"रेणुका. सगळे ताई म्हणतात."

"मी न्हाई म्हणणार."

"का हो?"

"असंच…" तो कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर तिच्या बैठका जिंतुरात जास्तच होऊ लागल्या. एकदा तो म्हणाला, "भाषणात पाणी प्यायचं इसरता तुमी."

"तुमी भाषण ऐकता का मला बघता?"

"दोन्ही जमायलंय."

ती हसली. पण तिच्या घरात बुद्धवंदना, त्याच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. तरी दोघं लग्न करणार, हे गावाला कळायला वेळ लागला नाही.

पक्षाच्या माणिकरावांनी तिला बोलावून घेतलं. "जिल्हा परिषदेचं तिकीट तुझंच हाय. फक्त हे लग्नाचं… इलेक्शन होईस्तोवर झाकून ठेव."

मल्लेशला तिनं सांगितलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "थांबू की. मला घाई न्हाई."

"बायनाबाईला मी म्हणले होते, भिऊ नको, चारचौघांत बोल. आन् मी झाकून ठेवू?" ती म्हणाली. "मला तुमी पाहिजेत, मल्लेश. उजेडात."

त्यानं मान हलवली, आणि डोळे पुसले.

तिकीट दुसऱ्याला गेलं. तिचे वडील दत्तराव दोन घास न खाता उठले. पण दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत जिंतूरला निघाले ते तेच.

मल्लेशची आई, उमादेवी, नुकती पूजा आटोपून बसली होती. रेणुकानं हात जोडले. "मला तुमच्या मल्लेशशी लग्न करायचंय."

उमादेवीनं पूजेचं ताट बाजूला सारलं. मल्लेश दाराला धरून उभा.

"तिकीट गेलं म्हणं तुझं?"

"गेलं."

"त्याच्यापायी?"

"न्हाई. मला खोटं वागायचं नव्हतं."

उमादेवीनं पदर सावरला. "या घरात मटण-मच्छी शिजत न्हाई."

"चालंल."

"आन् सकाळी पूजेच्या वक्ताला लोकांची गर्दी न्हाई पाहिजे."

रेणुकाला हो म्हणता आलं असतं. मल्लेशही डोळ्यांनी तेच विनवत होता.

"लोकं येतील, आई," ती हळूच म्हणाली. "दुखलं-खुपलं घेऊन येतात. त्यांना मी वापस धाडू शकणार न्हाई."

उमादेवी उठली. आत वळता वळता थांबली.

"मग ओसरीत सतरंजी टाकावी लागंल," ती म्हणाली. "बायामाणसं उघड्या फरशीवर किती वेळ बसतील?"