बर्फगोळीतली टॅम्प्लीज

अंगठा अकरा मिलिमीटर भरला. मुठीपासून टोकापर्यंत, पडद्याच्या काचेवर प्लास्टिकची पट्टी धरून मी तो दोनदा मोजला. जुन्या मॉनिटरची काच फुगीर असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक धरायला हवी. ती धरूनही तो अंगठाच होता आणि वर केलेला होता.

तो तिथे असायला नको होता.

"ताई, पट्टी काढ ना. शूटिंग चाललंय," भारत म्हणाला.

भारत माझा धाकटा भाऊ. 'फुसका बार' या नावाचं त्याचं एक चॅनेल आहे. विस्मरणात गेलेले किंवा बदनाम झालेले गोळीबाराचे जुने गेम तो पुन्हा खेळतो आणि त्यांच्यावर अन्याय कसा झाला ते मराठीत समजावून सांगतो. चार हजार लोक ते बघतात. त्यातले निम्मे सिन्नरचे असावेत असा त्याचा अंदाज आहे. तो कशावरून, हे मी विचारलेलं नाही. मी द्राक्षांच्या प्रयोगशाळेत काम करते. परदेशी जाणाऱ्या घडांमध्ये फवारणीच्या औषधांचा किती अंश उरला आहे ते मोजते. यंत्राच्या एका वाचनावर मी निष्कर्ष काढत नाही. ही माझी सवय आहे. भारत तिला खोड म्हणतो.

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं देवळाली कॅम्पातल्या बाबांच्या क्लासमध्ये बसलो होतो. क्लास म्हणजे एक लांबट खोली, लाल कोब्याची जमीन, छताला चुना आणि भिंतीशी चार कॉम्प्युटर. बाबांनी तो २०११ साली बंद केला. पुढच्या आठवड्यापासून तिथे एक शिंपी येणार होता, म्हणून खोली रिकामी करायची होती. जमिनीवर बोटभर धूळ होती. भारतने चारांतला एकच कॉम्प्युटर उघडला, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, आतल्या झुरळांची माफी मागितली आणि बटण दाबलं. तिसऱ्या खेपेला तो चालू झाला.

"आजचा बकरा," भारत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "बर्फगोळी!"

खोक्यावरचं खरं इंग्रजी नाव आम्हाला लहानपणी उच्चारता येत नसे. डोंगरावरच्या एका चौकीवर आपण चाल करून जातो आणि बर्फातल्या पहारेकऱ्यांना गोळ्या घालतो, म्हणून ती बर्फगोळी. त्या गेममध्ये एक गोष्ट वेगळी होती. काही पहारेकरी बंदूक टाकून हात वर करत. पुढे काय करायचं, हे गेम सांगत नसे. माऊसचं बटण दाबलं तर गोळी सुटायची, पहारेकरी पडायचा आणि गेम चकार शब्द काढायचा नाही. कळफलकावरचं मोठं बटण दाबलं तर तो पळून जायचा आणि पुढच्या टप्प्यात कधीकधी भोंगा वाजवून सगळी चौकी जागी करायचा. शरण आलेल्याला मारू देणारा गेम म्हणून परदेशात बोंबाबोंब झाली. दुकानदारांनी तो काढून टाकला आणि मग तो कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

"लोक म्हणाले, हा गेम क्रूर," भारत सांगत होता. "अरे, बाकीच्या गेममध्ये विचारतं कोण? ह्याने निदान विचारलं तरी! आणि मंडळी, आमच्या ताईने त्याला काय उत्तर दिलं माहितीये?"

"भारत."

"टॅम्प्लीज!"

हे खरं आहे. आमच्या गल्लीत लपंडाव किंवा पकडापकडी मध्येच थांबवायची असली, की मूठ वळून अंगठा वर करायचा, त्यावर फुंकर मारायची आणि 'टॅम्प्लीज' म्हणायचं. मग कोणी तुम्हाला बाद करू शकत नसे. मूळ शब्द 'टाइम प्लीज' आहेत, हे मला आठवीत कळलं. नियम एकच होता आणि तो कडक होता. ज्याने टॅम्प्लीज घेतली त्यानेच 'सुटली' म्हणायचं. तोवर खेळ जिथल्या तिथे.

मे २००४ मध्ये, बारा वर्षांची असताना, मी बर्फगोळीच्या नवव्या टप्प्यात शेवटच्या पहारेकऱ्यासमोर पोचले. त्याने हात वर केले. मला त्याला मारायचं नव्हतं आणि भोंगाही नको होता. आईने जेवायला हाक मारली. मी अंगठ्यावर फुंकर मारून पडद्याला टॅम्प्लीज म्हटलं, गेम जपून ठेवला आणि उठले. मग शाळा सुरू झाली. भारत तेव्हा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून आजवर, एकवीस वर्षं, जेवणाच्या ताटावर तो मला विचारत आला आहे, "ताई, तो बिचारा अजून उभा असेल का गं?"

तो उभा होता. जपून ठेवलेल्या खेळांच्या यादीत माझं नाव होतं, तारीखही तीच होती. भारतने ते उघडलं. बर्फ पडत होतं. मधोमध तो पहारेकरी. डावा हात वर, पंजा उघडा. उजव्या हाताची मूठ वळलेली, ओठांजवळ आणलेली, आणि अंगठा वर.

भारत इतका हसला की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "टॅम्प्लीज करतोय! ताई, तू बिघडवलंस त्याला!"

"दोन्ही पंजे उघडे होते," मी म्हटलं.

"तुला काय आठवतंय आता?"

मला आठवत होतं, पण आठवण हे मोजमाप नाही. मी त्याला दुसऱ्या कोणाचा व्हिडिओ शोधायला सांगितला. एका परदेशी माणसाने नववा टप्पा अख्खा खेळून दाखवला होता. त्यात पहारेकऱ्याचे दोन्ही पंजे उघडे होते आणि हनुवटी गुळगुळीत होती.

आमच्या पहारेकऱ्याला दाढी होती. दाट नव्हती, चार-पाच दिवसांची.

"दुसरी आवृत्ती असेल," भारत म्हणाला. तो अजून हसत होता. "भारी! निदान दहा हजार जण बघतील."

मी आणखी जवळ गेले. त्या गेममध्ये बर्फ नुसतं पडतं, साचत नाही. इथे ते त्याच्या खांद्यांवर साचलं होतं. आणि त्याच्याभोवती, बंदुकीपासून सुरू होऊन बंदुकीपाशीच संपणारी, एक गोल वाट होती. बर्फ तुडवून तुडवून ती खाली दबली होती. मी त्याच्या बुटाच्या मापाने ती मोजली. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चार पावलं.

"ही वाट त्या व्हिडिओत आहे?"

भारतने पाहिलं. "नाही," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याची दिशा थोडी बदलली.

तेवढ्यात योगेश आला. त्याच्या हातात मिसळीचं पार्सल होतं आणि काखेत पावाची लादी. योगेश चांदवडचा. घरी कांदा, पण हा शिकून द्राक्षांतला जाणकार झाला आणि आमच्या कंपनीच्या बागा बघतो. चार वर्षांपूर्वी सोमेश्वरच्या धबधब्यापाशी त्याने मला लग्नाचं विचारलं. मला तो आवडत होता. पण आवडणं हे एकच वाचन. मी घाबरले आणि घाबरल्यावर मी विनोद करते, म्हणून अंगठ्यावर फुंकर मारली. तो खो-खो हसला आणि म्हणाला, "चालंल. सुटली की सांग."

कंपनीने त्याला आता सांगलीला बदली देऊ केली होती, तीन वर्षांसाठी. जायचं की नाही, ते त्याला आज दुपारी दोनपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं तर नाशिकच्याच बागा त्याच्याकडे राहणार होत्या.

"दार धर रे, भारत, रस्सा सांडंल." तो उंबरठा ओलांडून आत आला, पार्सल टेबलावर ठेवून मागे दाराशी उभा राहिला आणि पडद्याकडे वाकून बघू लागला. "हा कोण?"

"ताईचा पेशंट," भारत म्हणाला. "एकवीस वर्षं टॅम्प्लीजवर आहे."

"अरे वा! मग मी तर लय ज्युनियर." योगेशने पहारेकऱ्याला रामराम केला. "भाऊ, जेवायखायचं काय करता तुम्ही?"

आम्ही तिघंही हसलो. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साधना," तो हळूच म्हणाला, "काय कळवू मग?"

"बघू," मी म्हटलं.

"बरं."

तो पुढे बोलला नाही. कधीच बोलत नाही.

पलीकडच्या लष्करी मैदानावर तोफांचा सराव सुरू झाला. पहिल्या बाराला खिडकीच्या काचा वाजल्या, छताचा चुना भुरभुरला आणि योगेश दचकला. कॅम्पातली मुलं त्या आवाजाला दचकत नाहीत, नुसते डोळे मिटून उघडतात. भारतने मिटून उघडले. मीही.

पडद्यावरच्या पहारेकऱ्यानेही.

"पाहिलंस?" मी विचारलं.

"योगायोग," भारत म्हणाला. माझा शब्द त्याने माझ्याआधी वापरला.

दुसरा बार. पहारेकऱ्याचे डोळे मिटले, उघडले.

मी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. माइक नव्हता. स्पीकर नव्हते. त्या खोक्यात बाहेरचं काही ऐकू जाईल अशी एकही वायर नव्हती. मी तसं मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या बारासाठी आम्हाला अर्धा तास वाट बघावी लागली.

तिसऱ्या वेळी त्याने डोळे आधी मिटले. मग काचा वाजल्या.

"ताई," भारत म्हणाला, "हा कॅम्पातलाच झालाय."

तो विनोद होता. कोणी हसलं नाही.

मी मोठं बटण दाबलं. सोडून देण्याचं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. दुसरा कळफलक जोडून दाबलं. बर्फ पडत राहिलं.

"मग दुसरं करून बघू का?" भारतने माऊसवर हात ठेवला. "गेम ज्याच्यासाठी बदनाम झाला, ते तरी दाखवता येईल."

पहारेकऱ्याने मान वळवली. त्याने भारतच्या बाजूला पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

भारतने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "मी नाही," तो म्हणाला. "राज्य तुझं आहे."

नियम मला पाठ होता. बटणाने टॅम्प्लीज सुटत नाही. कुणाच्याच गल्लीत सुटत नसे.

मला अवघडल्यासारखं झालं. तेहतीस वर्षांची बाई, दोन पुरुषांसमोर, काचेशी बोलणार. आणि आत कुठेतरी तीच जुनी भीती होती. भोंगा वाजेल. पुढचा टप्पा अवघड जाईल.

मी अंगठा वर केला आणि त्यावर फुंकर मारली.

"टॅम्प्लीज सुटली," मी म्हटलं. "जा."

त्याने उजवा हात खाली घेतला. मग डावा. दोन्ही हात झटकले, मुंग्या आल्यावर झटकतात तसे. खांद्यावरचं बर्फ झाडलं. बंदूक उचलली नाही. त्या गोल वाटेवरून त्याने पाय बाहेर टाकला, जरा अडखळला, आणि चालत निघाला.

"गेला!" भारत ओरडला आणि टाळ्या वाजवू लागला. मीही हसत होते. माझे डोळे भरून आले होते, त्याचं कारण मी शोधत बसले नाही. भोंगा वाजला नाही.

पडद्याच्या कडेला पोचल्यावर तो थांबला. वळला. पुन्हा मूठ वळली, अंगठा वर केला, पण या वेळी ओठांशी नेला नाही. मागे दाखवतात तसा तो माझ्या खांद्यावरून पलीकडे दाखवला.

मग पडदा काळा झाला. भारत वायरी तपासायला खाली वाकला.

मी मागे वळले.

योगेश दाराशी उभा होता, आल्यापासून होता तिथेच. त्याच्या खांद्यांवर छताचा चुना साचला होता, पांढरा. त्याचं लक्ष हातातल्या फोनकडे होतं. दोन वाजायला चार मिनिटं होती.

तो आला तेव्हा तिथे बोटभर धूळ होती. त्याला येऊन पाऊण तास झाला होता आणि त्या पाऊण तासात तो जागचा हलला नव्हता.

त्याच्या पायांभोवती धुळीत एक गोल वाट होती. तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली, खालच्या कोब्याचा लाल रंग दिसेल इतकी. मी मोजली. चार पावलं.

दुसऱ्यांदा मोजली नाही.

"योगेश," मी म्हटलं, "कळवून टाक, सांगली नको. टॅम्प्लीज सुटली. आपण लग्न करू या."