स्क्रीनवर सगळं गरम आहे

आमच्या इमारतीत दारावरच्या घंटेपेक्षा रेडिएटरची नळी जास्त बोलते. गरम पाण्याची ती उभी नळी वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातून जाते. चमच्याने ठोकलं की खालीवर सगळीकडे ऐकू येतं. मी लग्न होऊन आले तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या बातिमा-आपांनी शिकवलं होतं, "दोन ठोके म्हणजे मी बरी आहे, चहा पितेय. तीन म्हणजे गारठलेय, ये. चार वाजवू नकोस सूनबाई, चारला रशीद मीठ मागायला येतो."

रोज सकाळी त्यांचे दोन, माझे दोन.

गेल्या हिवाळ्यात, बाहेर उणे अडतीस असताना, आमच्या बाजूचं गरम पाणी बंद पडलं. मी प्रसूतिगृहात होते. माझी लेक अयाला त्याच थंडीत जन्मली. शेजारीपाजारी नातेवाइकांकडे निघून गेले होते. आपांना जायला कुणी नव्हतं. उष्णता-कंपनीचे साहेब बेकेनोव त्या दिवशी टीव्हीवर लोकांचे फोन घेत होते. आपांनी फोन लावला. साऱ्या शहराने त्यांचा थरथरता आवाज ऐकला आणि बेकेनोवचं हसून दिलेलं उत्तरही: "आजी, स्क्रीनवर तुमचं घर गरम आहे."

आपा रेडिएटरला टेकलेल्या सापडल्या. अंगावर दोन ओव्हरकोट, हातात चमचा. नळीवरचा रंग तेवढ्या जागी पार उडालेला.

मग शहरात एकच विषय सुरू झाला: कधीकाळी कंपनीला विकून टाकलेली ही उष्णता नगरपालिकेने परत ताब्यात घ्यावी का? माझा नवरा दाउरेन पालिकेत इंजिनियर. तो सभांमधून बोलू लागला. शहराच्या माणसांना शहराची थंडी कळते, म्हणायचा. वरचे रशीदकाका त्याला जिन्यात अडवून चिडवत. "बाळा, कंपनीला निदान शिव्या तरी देता येतात. उद्या तू साहेब झालास की मी कुणाला देऊ?"

मला नळ्यांच्या मालकीशी काही देणंघेणं नव्हतं. मला बेकेनोव गारठलेला बघायचा होता.

उन्हाळाभर बंद असलेलं गरम पाणी शरदात पुन्हा सुरू झालं. सकाळी मी अयालाची पेज ढवळत होते, आणि खालून ठोके आले. तीन.

खालच्या घराला पालिकेचं सील होतं. आतला रेडिएटर उन्हाळ्यातच कापून नेलेला. सुटी नळी आपटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीन. सारख्या अंतराने, पहिला जरा जोरात. आपांची तशीच सवय होती.

गेलेल्यांच्या नावाने शुक्रवारी शेल्पेक, म्हणजे तेलातल्या पोळ्या, तळतात. मी तळल्या, शेजाऱ्यांना वाटल्या, आणि एक गरम पोळी सील केलेल्या दारापाशी ठेवली. दाराला तोंड लावून म्हटलं, "आपा, मला नका सांगू. त्या बेकेनोवला सांगा."

दाराची कडी बर्फासारखी होती.

उष्णतेच्या मालकीवरची जाहीर सुनावणी सांस्कृतिक भवनात झाली. गर्दीने आणि वाफेने जीव गुदमरत होता. बायका टोप्यांनी वारा घेत होत्या. बेकेनोव उठला. त्या दिवशी आजींचं घर गरम होतं, आमच्या स्क्रीनवर तसं दिसत होतं, असं म्हणाला.

त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

फक्त त्याच्या. भिंतीकडेच्या रेडिएटरमध्ये तीन ठोके वाजले. त्याने गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि पुढचं वाक्य विसरला.

रविवारी तो त्याच्या बाष्पस्नानघरात सापडला. दगड तापलेले, भिंती घामेजलेल्या आणि त्याच्या पापण्यांवर दंव. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय म्हणून लिहिलं.

मला वाईट वाटलं नाही. मी अयालाला कुशीत घेऊन शांत झोपले.

मतदान झालं. उष्णता शहराकडे परत आली आणि नव्या खात्याचा प्रमुख म्हणून दाउरेनची नेमणूक झाली. घरात घोड्याच्या मांसाची काझी शिजली. रशीदकाकांनी टेबलावर उभं राहून त्याला पहिली शिवी दिली, सगळे हसले. खालून आता रोज दोन ठोके यायचे. मीही दोन द्यायचे.

जानेवारीतली संध्याकाळ. दाउरेन जेवणाच्या टेबलाशी बसला होता, मांडीवर अयाला, समोर लॅपटॉप. घर इतकं तापलेलं की खिडक्यांच्या काचा ओघळत होत्या. फोन वाजला. रेल्वे वसाहतीतली कुणी बाई होती. लहान मुलं आहेत, भिंतीला बर्फ धरलाय, असं काहीतरी मलाही ऐकू येत होतं. दाउरेन दिवसभराचा दमलेला होता. त्याने लॅपटॉपवर एक नजर टाकली.

"ताई, स्क्रीनवर तुमचं घर गरम आहे."

ते शब्द पांढरे होऊन बाहेर पडले.

अयाला खुदकन हसली. तिने हात वर करून ती वाफ मुठीत धरली.

खाली तीन ठोके पडले. पहिला जरा जोरात.

"तिला परत फोन कर," मी म्हणाले. "आत्ता."

"अगं, सगळे असंच सांगतात." त्याने खांदे आखडून घेतले. "खिडकी उघडी आहे का गं? गार वाटतंय."

मी अयालाला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि तिची मूठ हळूच उघडली.

तळहातावर बर्फ होता. वितळत नव्हता.